गर्भधारणेसाठी आहार: नेमकं काय खावं आणि आहाराने काय होत नाही?

बाळासाठी प्रयत्न सुरू झाले की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी ठरावीक बिया ठरावीक दिवशी खायला सांगतं, कुणी 'उष्ण' पदार्थ बंद करायला लावतं. एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. अमुक पदार्थ खाल्ला म्हणून गर्भ राहतो, असं कोणत्याही पदार्थाबद्दल सिद्ध झालेलं नाही. आहाराचा उपयोग मात्र नक्की आहे, आणि तो दोघांनाही आहे.

सुरुवात कधी करावी?

शक्य असल्यास तीन महिने आधी. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्यामुळे आज केलेल्या बदलाचा परिणाम दिसायला तेवढा वेळ जातो.

फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून का?

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच बंद होते. पाळी चुकून तपासणी होईपर्यंत यातला बराच काळ निघून गेलेला असतो. म्हणून प्रयत्न सुरू करण्याच्या किमान एक महिना आधीपासून पहिले १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत, स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावं असा सल्ला दिला जातो. पालेभाज्या आणि डाळींतून फोलेट मिळतं, पण शिजवताना त्यातलं बरंचसं कमी होतं. त्यामुळे गोळी लागतेच. मधुमेह असेल, फिट्सची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळात असा दोष आढळला असेल, तर डोस वेगळा असतो. तो डॉक्टरांनीच ठरवावा.

रोजच्या ताटात काय असावं?

वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही.

- डाळी आणि कडधान्यं: मटकी, चवळी, हरभरा रोज एकदा तरी असू द्या. अमेरिकेत १७,५४४ परिचारिकांच्या आहाराचा आठ वर्षं अभ्यास झाला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पतिजन्य प्रथिनं जास्त आणि ट्रान्स फॅट कमी खाणाऱ्या स्त्रियांमध्ये, अंडं न सुटल्यामुळे येणारं वंध्यत्व कमी आढळलं. हा निरीक्षणावर आधारित अभ्यास आहे, त्यामुळे आहार हेच कारण होतं असं त्यातून सिद्ध होत नाही.
- लोह: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय महिलांना रक्तक्षय आहे. गरोदरपणात लोहाची गरज आणखी वाढते, म्हणून हिमोग्लोबिन आधीच तपासून घ्या. जेवणात लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा टाळा. चहामुळे लोह कमी शोषलं जातं.
- बी १२: शाकाहारी असाल तर दूध, दही, ताक नियमित घ्या आणि पातळी तपासा.
- मासे: बांगडा, तारली, मांदेली चांगले. मोरीसारख्या मोठ्या माशांत पारा जास्त असतो, ते टाळा.
- मीठ: आयोडीनयुक्तच वापरा. घरात फक्त सैंधव असेल तर आयोडीन कमी पडू शकतं.

वजनाचा काय संबंध?

वजन फार कमी किंवा फार जास्त असेल तर पाळी आणि अंडं सुटणं दोन्ही बिघडू शकतं. पीसीओएस असलेल्या आणि वजन जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये ५ ते १० टक्के वजन कमी झालं तरी पाळी नियमित व्हायला मदत होते. म्हणजे ७० किलोला साडेतीन ते सात किलो. उपाशी राहून हे करू नका. मैदा, साखर, गोड पेयं कमी करा, भाकरी-उसळ वाढवा आणि रोज चाला.

पुरुषांनी काय करावं?

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडच्या कारणाचाही वाटा असतो. तरीही पथ्य बहुतेक घरांत फक्त सुनेलाच लावलं जातं. तंबाखू, गुटखा, सिगारेट आणि दारू बंद करणं, वजन आटोक्यात ठेवणं आणि भाज्या, फळं, सुकामेवा खाणं हे पुरुषांसाठीही तितकंच महत्त्वाचं आहे. महागड्या 'स्पर्म बूस्टर' गोळ्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,३७० जोडप्यांवरच्या चाचणीत पुरुषांना झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिड देऊनही मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही.

काय कमी करावं?

मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे, ती स्त्रियांनी सोडावी. दारू दोघांनीही टाळावी. स्त्रीने दिवसाला २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेऊ नये. दोन-तीन कप चहा सहसा त्या मर्यादेत बसतो. वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातलं तळण टाळा. घटक न लिहिलेली कोणतीही पावडर घेऊ नका.

आहार कुठे थांबतो?

बंद झालेली गर्भनलिका आहाराने उघडत नाही. वीर्यात शुक्राणूच नसतील तर खजूर-बदामाने ते येत नाहीत. वाढत्या वयाबरोबर अंड्यांची संख्या आणि गुणवत्ता घटते, तीही आहाराने परत मिळत नाही. म्हणून वय ३५ पेक्षा कमी असेल तर एक वर्ष आणि ३५ किंवा जास्त असेल तर सहा महिने प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, तर दोघांनी एकत्र तपासणी करावी. पाळी फारच अनियमित असेल तर तेवढंही थांबू नका. वीर्यतपासणी साधी आणि तुलनेने स्वस्त असते, ती सुरुवातीलाच करून घ्या. चांगला आहार तपासण्या आणि उपचार सुरू असतानाही चालू ठेवता येतो. पण त्याच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलली, तर गेलेली वर्षं परत येत नाहीत.