पुस्तकाआडची सभा

ग्रंथालय म्हणजे ग्रंथांचा संग्रह आणि त्यांची देवघेव, व्याख्याने, कविसंमेलने, जयंत्या-पुण्यतिथ्या हे त्याचे प्रासंगिक अलंकार, अशी जी समजूत आपल्या सुशिक्षितांत रूढ आहे, ती पुण्या-मुंबईकडच्या संस्थांकडे पाहून झालेली असावी. रत्नागिरीस १८२८ साली वाचनालय निघाले, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, मुंबईत १८९८ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. इंग्रजी अमलात सभा भरविण्यास पुस्तकांच्या कपाटांचा आडोसा घ्यावा लागत नसल्यामुळे व्याख्यानमाला व्याख्यानमालेच्या मार्गाने आणि ग्रंथालय ग्रंथालयाच्या मार्गाने वाढले. निजामाच्या हैदराबाद राज्यात असलेल्या मराठवाड्यात, आणि विशेषतः ज्या मुलखाचा आज जालना जिल्हा झाला आहे त्या मुलखात, हा व्यवहार निराळा होता. येथे सभेची गरज आधी उत्पन्न झाली आणि पुस्तके बहुतांशी तिच्या आश्रयाने आली, असे माझे मत आहे.

जिल्हा म्हणून जालन्याचे वय फार नाही. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके एकत्र करून तो निर्माण करण्यात आला, त्यामुळे त्याचा पूर्वेतिहास दोन जिल्ह्यांच्या आणि हैदराबादच्या दप्तरांत विखुरलेला आहे. परंतु ऐकण्याची परंपरा दप्तरांहून जुनी. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली ज्या जांब गावी झाला ते गाव याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. आणि गोदातीरावरच्या या प्रदेशात चातुर्मासात एकाने पोथी वाचावी व पाराशेजारी जमलेल्या इतरांनी ती ऐकावी हा प्रघात इतका अंगवळणी पडलेला होता की, अक्षरओळख नसणारा मनुष्यही ग्रंथाला परका नव्हता. १९५१च्या शिरगणतीपर्यंत हैदराबाद राज्यात शंभरांत दहा माणसेही साक्षर नव्हती. अशा मुलखात केवळ पुस्तके घरी देणारी संस्था काढली असती, तर चार वकील, दोन मास्तर आणि एखादा हौशी सावकार एवढ्यांवर तिचा कारभार आटोपला असता. ती टिकायची, तर तिला वाचून दाखविणारा आणि बोलणारा मनुष्य हवा होता.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे जालन्यावरून धावू लागली आणि कापसाच्या गाठी जेथून बाहेर जात तेथेच पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे येऊन उतरू लागली. जालना हे तेव्हाही व्यापारी पेठेचे गाव. सरकीपासून सोन्यापर्यंत सर्व जिन्नसांचे सौदे येथे होत. कचेरीची भाषा मात्र उर्दू होती, वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर तीच शिकवणुकीची भाषा ठरविली. म्हणून घरात मराठी बोलणाऱ्या मुलास मराठी ग्रंथ भेटण्याचे ठिकाण शाळा नसून वाचनालय हेच उरले. हैदराबादेत १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले, परभणीत गणेश वाचनालय आणि औरंगाबादेस बळवंत वाचनालय ही मराठी वाचकांची केंद्रे झाली. तेलुगू भाषिकांची अवस्था याहून वेगळी नव्हती. त्यांनीही हैदराबादेत १९०१ साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् स्थापून ग्रंथालयाच्या द्वारेच आपल्या भाषेची चळवळ आरंभिली. ज्या राज्यात भाषेला राजद्वारी स्थान नसते, तेथे वाचनालयाला पाठशाळा, क्लब आणि परिषद या तिघांचीही कामे करावी लागतात.

या सगळ्यावर दरबाराची नजर होती. निजाम सरकारने 'गश्ती निशान ५३' नावाचे जे कुप्रसिद्ध परिपत्रक काढले, त्याच्या अन्वये सार्वजनिक सभेस पूर्वपरवानगीचे बंधन पडले. अर्ज करावा, विषय कळवावा, वक्ता कोण, कोठला, तो राजकारणावर बोलणार नाही याची हमी द्यावी, आणि मग अव्वल तालुकदाराच्या कचेरीतून हुकूम येईपर्यंत वाट पाहावी. हुकूम येई तेव्हा उत्सवाची तिथी निघून गेलेली असे, हेही काही नवल नव्हते. कायद्याचा जो मजकूर राजकीय सभेला अडवी, तो गणेशोत्सवाला, कीर्तनाला, एखाद्या कवीच्या स्मृतिदिनाला किंवा वाचनालयाच्या वार्षिकोत्सवाला तितक्याच सहजतेने अडवू शकत नसे, ही गोष्ट त्या काळच्या कार्यकर्त्यांच्या चटकन ध्यानात आली. ज्ञानेश्वरीवरचे प्रवचन स्वभाषेच्या अभिमानाकडे केव्हा वळले, शिवचरित्राचे कथन चालू काळाशी केव्हा जाऊन भिडले, याची नोंद करण्यास मागच्या बाजूस बसलेला खुफिया इसम बहुधा असमर्थ ठरे. त्याला मराठी कळत असले तरी सूचकता कळत नसे, आणि सूचकता हा पुराव्याचा भाग होऊ शकत नाही.

मराठी नियतकालिकांनाही हीच लपाछपी करावी लागली. लक्ष्मणराव फाटकांचे 'निजाम विजय' १९२० पासून हैदराबादेतूनच निघत असे, आणि त्याला जपून पावले टाकावी लागत, आ. कृ. वाघमाऱ्यांचे 'मराठवाडा' संस्थानाबाहेर पुण्यातून प्रसिद्ध होई आणि बंदी आली की नाव बदलून पुन्हा येई. ज्या अंकांना घरी ठेवणे जोखमीचे, ते वाचनालयाच्या मेजावर, इतर दहा पत्रांच्या चळतीत, त्या मानाने निर्धास्त असत. हातोहात फिरणाऱ्या एका अंकाचे किती वाचक आणि किती श्रोते होत, याचा हिशेब वर्गणीदारांच्या यादीवरून करता येणार नाही.

या साऱ्या पूर्वतयारीचे उघड दर्शन १९३७ साली परतुरास झाले. निजामी राज्यातील मराठी भाषिकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली तेथे भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातील एक लहान तालुक्याचे गाव. नागरी स्वातंत्र्य, मातृभाषेतून शिक्षण, लोकांना जबाबदार अशी राज्यव्यवस्था, या मागण्या जेथे बोलून दाखविल्या गेल्या ते स्थळ औरंगाबाद किंवा हैदराबाद नसून रेल्वेच्या मार्गावरचे हे गाव असावे, याचे काहींना आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. उत्सव, कीर्तने आणि वाचनालयांच्या बैठका यांतून सतरंज्या अंथरणारे, वर्गणी गोळा करणारे, पाहुण्यांची उतरण्याची सोय लावणारे आणि परवानगीच्या अर्जाची उर्दू नीट लिहू शकणारे लोक ज्या भागात तयार झाले होते, तेथेच अधिवेशन पेलणे शक्य होते. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, वंदे मातरम् म्हणणारे विद्यार्थी उस्मानिया विद्यापीठातून काढले गेले, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचा, म्हणजे हैदराबादच्या मुक्तीपर्यंतचा, इतिहास सर्वांस ठाऊक आहे.

मुक्तीनंतर परवानगीचा प्रश्न मिटला. हैदराबाद राज्याने १९५५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, परंतु तो मराठवाड्यात रुजण्याच्या आतच १९५६च्या नोव्हेंबरात राज्याचे त्रिभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला. महाराष्ट्राचा कायदा १९६७चा. मद्रासप्रमाणे त्यात ग्रंथालयकर नाही. लोकांनी संस्था काढावी, चालवावी आणि सरकारने 'अ', 'ब', 'क', 'ड' असा दर्जा पाहून अनुदान द्यावे, अशी त्याची योजना. त्यामुळे 'गाव तेथे ग्रंथालय' ही घोषणा पुष्कळ प्रमाणात खरी झाली. त्याबरोबरच सभेचे रूपही पालटले. पूर्वी ती पुस्तकांच्या आड लपत असे. आता ती अहवालात छायाचित्रासह दाखवावी लागते. २७ फेब्रुवारीस मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला ग्रंथ दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, नोव्हेंबरात ग्रंथालय सप्ताह, असे वर्षाचे वेळापत्रक बांधले गेले आहे. तपासनिसाच्या भीतीने केलेला कार्यक्रम कसा असतो हे सांगण्याची आवश्यकता नाही. हार, नारळ, प्रास्ताविक, आभार, आणि मध्ये कोठेतरी पुस्तक.

शासनाच्या वतीने जिल्ह्याजिल्ह्यात होणाऱ्या ग्रंथोत्सवाविषयी मात्र माझे मत इतके कठोर नाही. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, परिसंवाद, कविसंमेलन, बाहेर पुस्तकांची दुकाने, अशी त्याची ठरीव रचना असली, तरी धुलिवंदनाचा हत्ती रिसाला शतकाहून अधिक काळ रस्त्यावर पाहणाऱ्या जालनेकरांना मिरवणुकीचे वावडे नाही आणि दिंडीत पालखीत ठेवलेला ग्रंथ त्यांना विचित्र वाटत नाही. ज्या पदावरचा अधिकारी पूर्वी परवानगी अडवून धरीत असे, त्याच पदाचा वारस, म्हणजे जिल्हाधिकारी, आज दीपप्रज्वलनाच्या निमंत्रणाचा धनी झाला आहे. सरकारी उत्सवाने निदान ही एक गोष्ट साधली की, घनसावंगी, मंठा, बदनापूर येथल्या ग्रामीण कवींना मंच मिळतो आणि समोर त्यांची स्वतःची माणसे असतात.

गावोगावच्या ग्रंथालयांची अवस्था मात्र निर्वेध नाही. २०१२ नंतर नव्या ग्रंथालयांची मान्यता व दर्जावाढ दीर्घकाळ थांबली, ग्रंथपालाच्या हाती पडणारी रक्कम शेतमजुरीशी तुलना करण्याजोगीही नसते, आणि स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिकेने पुष्कळ ठिकाणी वाचनकक्षाची जागा व्यापली आहे. अभ्यासिकेतल्या मुलांना व्याख्यानाचा आवाज नको असतो. त्यांचेही चुकत नाही.

१७ सप्टेंबरला जालन्याच्या टाऊन हॉल परिसरात हुतात्मा जनार्दन मामांच्या स्मारकापाशी ध्वजवंदन होते, आणि त्या दिवसाच्या निमित्ताने जिल्ह्यातील पुष्कळ ग्रंथालयांत मुक्तिसंग्रामावर भाषणे होतात. त्यांत सीमेवरच्या छावण्या येतात, रझाकार येतात, पोलीस कारवाई येते, तुरुंग येतात, आणि ते येणे योग्यच आहे. परंतु वक्ता ज्या प्रकारच्या खोलीत उभा राहून हे सांगतो, त्या खोलीत तीस-चाळीस सालांत काय चालत असे, अर्ज कोणी लिहिले, वर्गणी कोणी मागितली, हे सांगणारा वक्ता क्वचित आढळतो, आणि त्या वेळच्या इतिवृत्ताच्या वह्या जेथे उरल्या असतील तेथून त्या बाहेर काढून वाचण्याचा एखादा कार्यक्रम मी अद्याप कोणत्याही निमंत्रणपत्रिकेवर छापलेला पाहिलेला नाही.