दासगाव ते महाड, पायी

आमचा पुतण्या आणि त्याची बायको गेल्या वर्षी अमेरिकेत युटा राज्यातल्या झायन या राष्ट्रीय उद्यानात दिवसभर चालून आले. लालभडक खडकांची दरी, मध्ये नदी, पाठीवर पिशव्या, डोक्यावर टोप्या… फोटो सुरेख होते. खाली त्याने लिहिलं होतं, "काका, तुमच्याकडे नवरा-बायकोने दिवसभर चालावं असं काय आहे?" त्याचं उत्तर इथेच लिहितो, म्हणजे बाकीच्या मंडळींनाही वाचता येईल.

आम्ही दोघं जानेवारीत दासगावहून महाडला चालत गेलो. अंतर पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. तरुणांना दीड-दोन तास पुरतील. आमचं वय चौऱ्याहत्तर आणि एकाहत्तर, त्यात मध्ये पाले गावची लेणी चढायची होती, त्यामुळे सकाळच्या एसटीने दासगावला उतरलो ते महाडला पोचेपर्यंत चार वाजले. ठरलं होतं एकच, की रिक्षा मिळाली तरी बसायचं नाही. हा नियम हिचा. गुडघेही हिचेच दुखतात!

आता प्रश्न येईल की दासगावच का. रायगड जिल्ह्यात चालायला रायगड किल्ला आहे, शिवथरघळ आहे. तर ऐका.

सावित्री नदी बाणकोटला समुद्राला मिळते आणि भरतीचं पाणी खाडीतून खूप आतवर येतं. पूर्वी मोठी गलबतं दासगावपर्यंत येत, पुढे महाडला जायला लहान होड्या. म्हणजे समुद्राकडून आलेल्या माणसाचा पाय जमिनीला लागायचा तो दासगावला. डोक्यावर दौलतगड हा छोटा किल्ला आहे तो त्यासाठीच, खाडीवर नजर ठेवायला. (आम्ही तो खालूनच पाहिला.) १७५६ च्या तहात पेशव्यांनी बाणकोट इंग्रजांना दिला, त्याबरोबर आसपासची काही गावं गेली, त्यांत दासगाव होतं. पेशवाई बुडाली १८१८ साली. म्हणजे त्याच्या बासष्ट वर्षं आधी हे गाव इंग्रजांचं झालं होतं! जेम्स फोर्ब्झ नावाचा कंपनीचा माणूस १७७१ मध्ये इकडे आला होता, सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी. त्याने आठवणींत या गावाचं नाव लिहून ठेवलं आहे.

या तहाचा एक परिणाम फारसा कोणी सांगत नाही. इंग्रजांचं ठाणं आलं तशी पलटणीत भरती आली. या भागातल्या महार समाजातली कितीतरी माणसं फौजेत गेली, पेन्शन घेऊन परत आली, आणि येताना लिहिणं-वाचणं घेऊन आली. गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच, महाडजवळच्या रावढळचे. १८८६ मध्ये पलटणीतून निवृत्त झाले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली. १८८८ चं 'विटाळ विध्वंसन' त्यांचं. १८९५ मध्ये ते महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले गेले तेव्हा केवढा गहजब झाला! पुढच्या पिढीतले रामचंद्र बाबाजी मोरे लाडवलीचे, पण लहानपण दासगावात गेलं. हुशार मुलगा, स्कॉलरशिप मिळवलेली. महाडच्या इंग्रजी शाळेने जातीमुळे प्रवेश नाकारला. पोराने काय करावं? वर्तमानपत्रात पत्र पाठवलं, आणि प्रवेश मिळवला. मी जन्मभर शाळेत घालवली, त्यामुळे मला या मुलाचं फार कौतुक वाटतं. याच मोऱ्यांनी पुढे दासगावातच क्रॉफर्डच्या नावाच्या पाणवठ्यावर आपल्या माणसांना नेलं आणि पाणी प्यायलं. चवदार तळ्याच्या आधी! मार्च १९२७ ची महाडची परिषद उभी करणाऱ्यांतही ते होते.

धड्यात आपण शिकतो ते वीस मार्च. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि बरोबरचे लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. नंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली. हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरची दुसरी परिषद मात्र मनुस्मृतीच्या दहनापुरती लक्षात राहते, आणि लोक तिथे पोचले कसे हे कोणी विचारत नाही.

ते आले बोटीने. मुंबईहून धरमतरला यायचं आणि पुढे मोटारीने महाड, हा रस्ता जवळचा होता. पण मोटारवाल्यांनी ऐनवेळी बसू दिलं नाही तर? तेवढा सगळा पल्ला पायी तुडवावा लागला असता. दासगावला उतरलं तर काही झालं तरी पाचच मैल. केवढा साधा आणि केवढा कडू हिशेब! २४ डिसेंबरला 'पद्मावती' बोटीने दोनशेच्या वर माणसं निघाली, हरिहरेश्वरला 'अंबादेवी' या बोटीत बसली आणि २५ ला दुपारी दासगावला लागली. धक्क्यावर हजारो माणसं वाट पाहत उभी होती. पोलीस अधिकारी कलेक्टरचं पत्र घेऊन हजर होते, त्यामुळे बाबासाहेब आणि सहस्रबुद्धे मोटारीने पुढे महाडला कलेक्टरला भेटायला गेले. बाकीचे चालत निघाले. या पाच मैलांवर पुढारी नव्हते, फक्त माणसं होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आम्ही निघालो तेव्हा ऊन कोवळं होतं. डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे सावित्रीचं खोरं. इथला खडक काळा, पण अंगावरची माती तांबडी. याच मातीने २५ जुलै २००५ ला दासगावात घात केला. दरड घरांवर आली. त्याच पावसात जुई, रोहण, कोंडिवते इथेही तेच झालं. दुसऱ्या दिवशी मुंबई बुडाली आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. इथली कुटुंबं पुढे वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं घर त्या उताराखाली होतं. तिथे आम्ही जरा वेळ उभे राहिलो. ही हात जोडून उभी होती, मी नुसताच.

पुढे वहूर, केंबुर्ली. रस्ता आता चौपदरी झाला आहे, ट्रक अंगावरून जातात, जमेल तिथे आम्ही गावातल्या वाटेने गेलो. त्या लोकांची पायवाट नेमकी कुठून गेली असेल हे आज ओळखता येत नाही. मला त्याची रुखरुख लागली. पुतळे आपण बांधतो, वाटा मात्र रुंदीकरणात जाऊ देतो.

अकराच्या सुमारास गांधारपाल्याच्या पायऱ्या चढायला घेतल्या. दर पंधरा-वीस पायऱ्यांनी बसत वर गेलो. तीसच्या आसपास बौद्ध लेणी आहेत, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची. वरून सावित्री आणि गांधारीचा संगम आणि महाड गाव दिसतं. एका लेण्यात ब्राह्मी लिपीतला लेख आहे. काणभोअ विष्णुपालित नावाच्या राजकुमाराने काय काय दान दिलं त्याची ती नोंद आहे: लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या, पाण्याची दोन टाकी, आणि एक वाट! हे मी हिला सांगितलं तेव्हा ही टाक्याजवळ बसून भाकरी सोडत होती.

"वाटसुद्धा दान देतात?"

"दिली आहे ना, खोदून ठेवलंय."

"आणि पाणीही. कुणीही प्यावं म्हणून." मग खाली गावाकडे बघून म्हणाली, "अहो, हे दिसत नव्हतं का हो त्यांना, खाली तळ्यावर पहारा करताना?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी चटणी मागितली.

महाडात शिरेपर्यंत पाय बोलायला लागले होते. त्या डिसेंबरात या गावात परिषदेच्या मांडवाला जागा मिळेना, शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. दुकानदार माल देईनात म्हणून दहा दिवसांचा शिधा बाहेरून आणावा लागला होता. २५ च्या रात्री मनुस्मृती जाळली, ठराव मांडला तो बापूसाहेब सहस्रबुद्धे यांनी. ते जन्माने ब्राह्मण. तळ्यावर पाणी पिणं मात्र झालं नाही. विरोधकांनी दावा लावून कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. २७ तारखेला लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता परतले. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला, सत्याग्रहींच्या बाजूने. पाण्याच्या एका ओंजळीसाठी दहा वर्षं!

तळ्याच्या काठी बाकावर बसून मी हिला शेवटची गोष्ट सांगितली. परिषद संपताना बाबासाहेब तिथल्या बायकांशी बोलले. अंगावरच्या कपड्यांवरून, दागिन्यांवरून जात ओळखू येते, ते सोडा, इतरांसारखं लुगडं नेसा, असं सांगितलं. चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या बायकांनी तसं नेसायला शिकवलं. आणि त्या बायका नव्या पद्धतीने लुगडं नेसून आपापल्या गावी गेल्या.

"चालत?" हिने विचारलं.

"बहुतेक चालतच."

ही बराच वेळ गप्प बसली. मग चपला काढून टाचा चोळत म्हणाली, "नव्या नेसणीत पहिल्या दिवशी इतकं चालायचं म्हणजे पाय अडकत असणार हो."