विजेची मोटार आणि वाटेवरची वीज

नवी मोटार घ्यावयाची झाली तर ती पेट्रोलची घ्यावी की विजेची, ही चर्चा आज कित्येक मध्यमवर्गीय घरांतून चालू असते. गाडीचे रूप, तिचा वेग, तिचा गारवा यांविषयी फारसे दुमत होत नाही. वाद होतो तो एकाच गोष्टीवर : वाटेत वीज संपली तर काय करावयाचे? घरातील तरुण मंडळी मोबाइलवरील नकाशात चार्जरच्या खुणा दाखवितात. वडीलधारी माणसे तो नकाशा पाहून मान हलवितात, पण त्यांचे समाधान झालेले नसते. ही शंका केवळ नव्याला बुजणाऱ्या माणसांची आहे असे समजण्याचे कारण नाही. ती सव्वाशे वर्षांची जुनी आहे, आणि तिचा इतिहास पाहिला असता ती निराधार होती असेही म्हणता येत नाही.

सन १८९७ च्या ऑगस्ट महिन्यात लंडनच्या रस्त्यांवर विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाड्या धावू लागल्या. वॉल्टर बर्सी नावाच्या तरुण अभियंत्याने त्या सिद्ध केल्या होत्या. त्यांचा रंग काळा-पिवळा असे. मुंबईच्या टॅक्सीशी परिचय असलेल्या वाचकाला हे ऐकून गंमत वाटेल, परंतु लंडनकरांना त्या रंगाहून त्यांचा गुणगुणाट अधिक लक्षात राहिला आणि त्यांनी या गाड्यांना गुंजारव करणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याचे, हमिंगबर्डचे नाव दिले. त्याच सप्टेंबरात अशाच एका गाडीचा चालक मद्याच्या अमलाखाली एका इमारतीवर जाऊन आदळला आणि त्याला दंड झाला. मद्य पिऊन मोटार चालविल्याबद्दल शिक्षा झालेला पहिला इसम म्हणून त्याची नोंद केली जाते. विजेच्या गाडीच्या वाट्याला हाही मान आला!

या गाड्यांची वीज एका फेरीत सुमारे तीस मैल पुरे. ती संपत आली की गाडी लॅम्बेथ येथील कंपनीच्या तळावर परत जाई. तेथे रिकामी बॅटरी उतरवून दुसरी भरलेली बॅटरी चढविण्यासाठी पाण्याच्या दाबावर चालणारे यंत्र बसविलेले होते. म्हणजे गाडीने थांबून राहावयाचे नाही, बॅटरीने थांबावयाचे, ही युक्ती त्या काळीच सुचलेली होती. परंतु तळ एकच. त्या तळाभोवतीच्या वर्तुळाबाहेर गाडीला जाता येत नसे. त्यातच बॅटरीच्या भाराने रबरी धावा झिजत आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी बॅटरीतील पत्रे निकामी होत. दोन वर्षांत, १८९९ साली, कंपनीला हा धंदा आवरता घ्यावा लागला.

अमेरिकेत मात्र या सुमारास विजेच्या गाडीचे भाग्य उजळलेले दिसत होते. सन १९०० मध्ये त्या देशात तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या होत्या. तिघींत पेट्रोलची गाडी सर्वांत मागे होती, आणि त्याची कारणे उघड होती. तिला दांडा फिरवून चालू करावे लागे, तो दांडा उलटला तर मनगट मोडे. शिवाय धूर, दुर्गंधी आणि खडखडाट. वाफेच्या गाडीला निघण्यापूर्वी पाणी तापविण्याची प्रतीक्षा करावी लागे. विजेची गाडी मात्र कळ दाबताच निमूटपणे चालू लागे. शहरातील डॉक्टर आणि संपन्न घरांतील स्त्रिया यांना ती विशेष प्रिय होती. पुढे ज्या हेन्री फोर्डच्या स्वस्त पेट्रोल गाडीने विजेच्या गाडीची बाजारपेठ हिरावून घेतली, त्याची पत्नी क्लारा ही स्वतः विजेचीच गाडी चालवीत असे.

असे असता ती मागे का पडली? याचे एक उत्तर नेहमी दिले जाते आणि ते खोटे नाही. १९०१ साली टेक्ससमध्ये तेलाचा प्रचंड साठा सापडला आणि पेट्रोल स्वस्त झाले. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत विजेने चालू होणारी कळ आली आणि मनगट मोडणारा दांडा गेला. त्याच वर्षाच्या सुमारास पेट्रोलची गाडी ६५० डॉलरला मिळू लागली असता विजेच्या गाडीला १,७५० डॉलर पडत. पण एवढ्यावर थांबले तर कथेचा अर्धा भाग राहून जातो. पेट्रोल किराणा दुकानात डब्यातून मिळे आणि खेड्यातही नेता येई. वीज डब्यात भरता येत नव्हती. ती ज्या शहरांत होती तेथेही कोठे एकदिशा प्रवाह, कोठे प्रत्यावर्ती प्रवाह अशी तऱ्हा होती, आणि बॅटरीला एकदिशा प्रवाहच लागतो. १९०२ साली पारा वापरून प्रवाह एकदिशा करणारे उपकरण निघाल्यावर धनिकांनी ते आपल्या गाडीखान्यात बसवून घेतले. ज्याला गाडीखाना नव्हता त्याने काय करावे, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याच्यासाठी एक मोठी मनोरंजक कल्पना पुढे आली होती. रस्त्याकडेला आग विझविण्यासाठी पाण्याचा नळ असतो त्याप्रमाणे विजेचा खांब असावा, त्यात नाणे टाकावे आणि आपल्यापुरती वीज घेऊन पुढे जावे. या खांबाला नावही त्या नळावरूनच देण्यात आले होते. आज पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात किंवा उपाहारगृहाच्या अंगणात उभा असलेला चार्जर याच खांबाचा वंशज म्हणावा लागेल. दोहोंत फरक नाण्याऐवजी मोबाइल आला एवढाच! पण त्या काळी हे खांब गावोगाव उभे राहिले नाहीत. वीज विकणाऱ्या कंपनीला वाटे, गाड्या थोड्या आहेत, खांब कोणासाठी उभारावेत? गाडी घेऊ इच्छिणाऱ्याला वाटे, खांब नाहीत, गाडी कशाला घ्यावी? दोघेही शहाणे होते आणि दोघांच्या शहाणपणाने काम अडून राहिले.

हा तिढा एका ठिकाणी सुटलेला दिसतो. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीने १९१० नंतरच्या दशकात अशी व्यवस्था केली की, मालवाहू गाडी ग्राहकाने बॅटरीवाचून विकत घ्यावी, बॅटरी कंपनीची राहील. ती संपली की कंपनी भरलेली बॅटरी देईल आणि ग्राहकाने ठरावीक मासिक आकार व धावलेल्या मैलांचे पैसे द्यावेत. बॅटरी खराब होण्याची धास्ती ग्राहकाच्या डोक्यावरून उतरली, कंपनीची वीज नित्य खपू लागली. १९२४ पर्यंत चाललेल्या या व्यवस्थेखाली गाड्यांनी एकूण साठ लाखांहून अधिक मैल प्रवास केला. लंडनच्या आणि हार्टफर्डच्या गाडीत यंत्राचे अंतर होते तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, व्यवस्थेचे होते. विजेच्या गाडीचा इतिहास लिहिणारे बहुधा एडिसनच्या बॅटरीवर अनेक पाने खर्च करतात. ती लोखंड-निकेलची बॅटरी १९०१ पासून गाजली, सदोष ठरून बाजारातून मागे घ्यावी लागली आणि १९०९ साली सुधारून पुन्हा आली. एडिसनची चिकाटी थोर खरीच, परंतु हार्टफर्डच्या कारकुनांनी ठेवलेल्या मैलांच्या हिशेबाकडे तितकेच लक्ष द्यावयास हवे होते.

गाडी एका भरणात किती धावेल याविषयीची जाहिरातही जुनीच आहे. डेट्रॉइट येथील एका प्रसिद्ध गाडीची नेहमीची मजल ८० मैल सांगितली जाई, पण एका चाचणीत ती २११ मैल धावल्याचा डांगोरा पिटला गेला. ग्राहकाच्या मनात कोणता आकडा बसला असेल हे सांगावयास नको. भारतात २०२० साली आलेल्या टाटा नेक्सॉन या विजेच्या गाडीची प्रमाणित मजल ३१२ किलोमीटर होती आणि तिची बॅटरी ३०.२ युनिटांची. प्रमाणित आकडा ठरीव परीक्षेत काढलेला असतो. त्या परीक्षेत घाट नसतो, पाच माणसे व त्यांचे सामान नसते, मे महिन्याचे ऊन नसते. तो खोटा नव्हे, परंतु तो आपल्या रस्त्याचाही नव्हे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात पेट्रोलची टंचाई होती आणि वीज त्या मानाने उपलब्ध होती. विमाने बनविण्यास बंदी झालेल्या कारखान्यातील माणसांनी १९४७ साली ‘तामा’ नावाची छोटी विजेची गाडी केली. तिच्या पोटात दोन्ही बाजूंनी बॅटऱ्यांचे खण होते. कपाटाच्या खणासारखे ते ओढून काढता येत आणि भरलेले खण सारता येत. या गाड्या टॅक्सी म्हणूनही चालल्या. १९५० साली कोरियात युद्ध पेटले, शिसे महाग झाले, पेट्रोल मिळू लागले, आणि तामाचे दिवस सरले. तो कारखाना नाव बदलत बदलत १९६६ साली निस्सान कंपनीत विलीन झाला. २०१० साली ‘लीफ’ ही गाडी याच कंपनीने बाजारात आणली.

लीफबरोबर शीघ्र भरणाची, म्हणजे जलद चार्जिंगची, पद्धतही रस्त्यावर आली. तिचे नाव ‘चाडेमो’. या नावात जपानी भाषेतील एक श्लेष दडलेला आहे : ‘चहा घेणार का?’ चहा होईपर्यंत गाडी भरून निघेल, असा त्यातील भाव. आपल्याकडील रस्त्यांवर यासारखे समर्पक नाव दुसरे सुचणे कठीण! दुर्दैवाने नावाच्या गोडीने पद्धत टिकत नाही. युरोपात आणि पुढे भारतातही दुसऱ्याच जोडणीने बस्तान बसविले, आणि चाडेमोची तार धरून बसलेल्या गाड्यांना आपल्याजोगा खांब शोधण्याची वेळ आली. याआधी कॅलिफोर्नियात असेच घडले होते. १९९६ साली जनरल मोटर्सने काढलेल्या गाडीला पळीसारखे एक साधन खाचेत सारून वीज देत, तर होंडाच्या गाडीला दुसरीच जोडणी लागे. २००१ साली राज्याने पळीविरुद्ध निर्णय दिला आणि उभारलेले खांब अडगळीचे झाले.

शीघ्र भरण म्हणजे काय, हे घरगुती हिशेबाने समजून घेता येते. गाडीची बॅटरी ४५ युनिटांची आहे असे धरू. घरच्या साध्या मोठ्या सॉकेटमधून ताशी तीन युनिटे आली तर ती भरण्यास पंधरा तास लागतील. भिंतीवर बसविलेल्या सात किलोवॅटच्या उपकरणावर साडेसहा तास, म्हणजे रात्रीची झोप. साठ किलोवॅटच्या सार्वजनिक यंत्रावर हिशेबाने पाऊण तास. पण हा हिशेब पूर्णपणे खरा होत नाही. तोंडापर्यंत भरत आलेल्या घागरीत पाण्याची धार बारीक करावी लागते, त्याप्रमाणे बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की गाडी आपण होऊन वीज कमी घेऊ लागते. म्हणून प्रवासात ऐंशी टक्क्यांवर तार काढून निघणे शहाणपणाचे, शेवटच्या वीस टक्क्यांसाठी मागच्या माणसाला ताटकळत ठेवण्यात कोणाचेच हित नाही. शिवाय यंत्रावर साठ किलोवॅट लिहिलेले असले तरी त्याला दोन तारा असतील आणि दुसऱ्या तारेला दुसरी गाडी लागली असेल, तर पुष्कळदा ती शक्ती दोघांत वाटली जाते.

भारतापुरते पाहता, बंगळूरची रेव्हा ही छोटी गाडी २००१ साली आली. ती एका भरणात सुमारे ८० किलोमीटर जाई, घरच्या सॉकेटवर भरे आणि शहराबाहेर जाण्याचा तिने कधी आव आणला नाही. वाटेवरच्या विजेचा प्रश्न तिने सोडविला नाही, टाळला. तो खऱ्या अर्थाने हाती घेतला गेला २०१८ साली. गाडी भरून देणे ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये स्पष्ट केले. त्यामुळे हॉटेलवाला, पंपवाला, कोणीही परवान्यावाचून चार्जर उभारू शकला. त्याच वर्षी डिसेंबरातील मार्गदर्शक तत्त्वांत शहरांत तीन किलोमीटरच्या चौकोनात आणि महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला दोन्ही बाजूंस एक तरी केंद्र असावे असे म्हटले होते. कागदावरचे पंचवीस किलोमीटर रस्त्यावर उतरण्यास वेळ लागतो, पण अमेरिकेतील नाण्याच्या खांबाला जो परवान्याचा आणि हेतूचा आधार मिळाला नव्हता तो येथे प्रथमच मिळाला.

आता बेळगावच्या एखाद्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. आजीचे माहेर पुण्याचे, नातू तेथेच शिकावयास. वर्षातून चार खेपा ठरलेल्या. अंतर सुमारे ३४० किलोमीटर. वाटेत निपाणी, कोल्हापूर, कऱ्हाड, सातारा. प्रमाणित मजल ३१२ असलेली गाडी घेतली तर एक थांबा अटळ, आणि माणसे, सामान, चढ व हवा थंड राखण्याचे यंत्र धरले तर कदाचित दोन. पण वर्षातील उरलेले साडेतीनशे दिवस ही गाडी शहापूर-टिळकवाडीच्या पलीकडे क्वचितच जाणार, आणि त्या दिवसांची सर्व वीज घराच्या भिंतीतून रात्रीच मिळणार. तिचा दरही वाटेवरच्या विजेपेक्षा साहजिकच कमी. म्हणून गाडीची किंमत पाहण्याआधी घराखाली स्वतःची जागा आणि त्या जागेपर्यंत मीटरची तार नेता येते की नाही, हे पाहिलेले बरे. सदनिकेत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याची स्थिती न्यूयॉर्कच्या गाडीखाना नसलेल्या गृहस्थाहून फारशी निराळी नसते.

राहिल्या त्या चार खेपा. त्यांसाठी कोल्हापूर आणि सातारा येथील कोणते यंत्र आपल्या जोडणीचे आहे, ते किती किलोवॅटचे आहे, आणि मुख्य म्हणजे ते चालू आहे की नाही, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे लागेल. एकाच यंत्राच्या भरवशावर न राहता त्याच्या अलीकडे-पलीकडे दुसरे कोठे आहे हे टिपून ठेवावे लागेल, आणि बॅटरी वीस टक्क्यांवर येण्याआधीच तेथे पोहोचावे लागेल. मग साताऱ्यास तार जोडून होताच आजींना खाली उतरविता येईल. त्या वयात तीनशे किलोमीटर एकाच बैठकीत जाणे तसेही बरे नव्हे. चहा मागवावा, तो येईपर्यंत पडद्यावरचा आकडा चाळीसवरून पंचेचाळीसवर गेलेला असेल.