अपील आहे म्हणून रिट नाही?

नियामकाच्या आदेशाविरुद्ध कायद्यात अपिलाची सोय असली की उच्च न्यायालयात रिट याचिका चालतच नाही, हे मत आता इतके रुळले आहे की पक्षकारही ते वकिलाला ऐकवतात. सेबीचा आदेश असेल तर सॅट, महारेराचा असेल तर अपिलीय न्यायाधिकरण, वीज नियामक आयोगाचा असेल तर दिल्लीचे ॲप्टेल.

या मताला आधार नाही असे नव्हे. न्यायाधिकरणात त्या विषयाचे जाणकार बसतात; हिशेब, कागदपत्रे, पुरावा यांची फेरतपासणी तिथेच नीट होते. रेराच्या कलम ४३(५) प्रमाणे बिल्डरला ग्राहकाचे पैसे भरल्याशिवाय अपील करता येत नाही. ही अट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘न्यूटेक’ खटल्यात वैध ठरवली. ती चुकवण्यासाठी रिटचा आडमार्ग धरणाऱ्याला परत पाठवणेच योग्य.

पण ‘आधी अपील करा’ म्हणणे वेगळे आणि ‘रिट चालतच नाही’ म्हणणे वेगळे. उच्च न्यायालयाला रिटचा अधिकार देणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ मध्ये अशी मनाई नाही. ती एकदा घातली मात्र गेली होती. आणीबाणीत, १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने या अनुच्छेदात तरतूद केली की, मूलभूत हक्कांचा प्रश्न वगळता, अन्य कायद्यात दाद मागण्याची सोय असेल तर उच्च न्यायालयाने याचिका दाखल करून घेऊ नये. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने संसदेनेच ती काढून टाकली. आजचे रूढ मत म्हणजे संसदेने रद्द केलेली तरतूद मागल्या दाराने परत आणणे आहे, आणि याची खंत कायद्याच्या वर्तुळात फारशी ऐकू येत नाही.

मनाई नाही, तर मग आहे काय? न्यायालयाने स्वतःवर घालून घेतलेला संयम. महंमद नूह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगितले की हा धोरणाचा आणि सोयीचा नियम आहे, कायद्याचा नव्हे. १९९८ चा ‘व्हर्लपूल’ खटला तर मुंबईच्या ट्रेडमार्क निबंधकाच्या नोटिशीवरूनच उभा राहिला. निबंधकाला ती नोटीस काढण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मूलभूत हक्कांचा भंग, नैसर्गिक न्यायाची पायमल्ली, अधिकार नसताना केलेली कारवाई, कायद्याच्याच वैधतेला आव्हान: या बाबतीत अपिलाची सोय आड येत नाही, हे त्या निकालाने पक्के केले. २०२३ च्या ‘गोदरेज सारा ली’ निकालाने आणखी स्पष्ट केले की याचिका चालू शकते का हा एक प्रश्न, आणि ती ऐकावी का हा दुसरा.

अशाने उच्च न्यायालयांत याचिकांचा पूर येईल, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. दराचा, नुकसानभरपाईचा, पुराव्याचा वाद घेऊन येणाऱ्याला आजही परतच पाठवले जाते. पण अपील कागदावरच असेल तर? जीएसटी २०१७ मध्ये लागू झाला. त्याचे अपिलीय न्यायाधिकरण मात्र कित्येक वर्षे उभेच राहिले नाही. तोवर करदात्याने दाद मागायची कुठे?

म्हणून न्यायमूर्तींना विनंती आहे: ‘पर्यायी उपाय उपलब्ध’ एवढ्या एका ओळीवर याचिका निकाली काढू नका. नियामकाला अधिकार होता का, त्याने समोरच्याचे ऐकून घेतले का आणि अपिलाचे न्यायाधिकरण आज बसते आहे का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आदेशात लिहा.