तेंदूपान : ग्रामसभांची वाटचाल

महाशिवरात्रीला गोंदियाजवळच्या नागरा गावी शिवमंदिरात बेल वाहायला गर्दी लोटते. त्याच सुमारास देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगावच्या जंगलात तेंदूच्या झुडपांची छाटणी सुरू होते. छाटलेल्या झुडपांना उन्हाळ्यात मोठी, मऊ पानं फुटतात. मे महिन्यात पहाटेच घरं रिकामी होतात. दुपारी अंगणात सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधले जातात आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून दिले जातात. असे हजार पुडके झाले की एक प्रमाण गोणी भरते, म्हणजे ७० हजार पानं. शेतीचा हंगाम तोंडावर असताना बियाण्याचा पैसा याच पानांतून येतो.

१९६९च्या कायद्यानं महाराष्ट्रात तेंदूचा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला. पान तोडणारा फक्त मजूर उरला. लिलाव, भाव आणि ठेकेदार दुसरेच ठरवत. १९९६च्या पेसा कायद्यानं आदिवासी भागातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली. २००६च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजात तेंदूचं नाव स्पष्ट घातलं. २००९मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि शेजारच्या गावांना धीर आला.

खरी कसोटी २०१३ची. गोंदिया आणि गडचिरोलीतल्या मोजक्या ग्रामसभांनी शासकीय लिलावातून बाहेर पडून आपली पानं स्वतः विकली. नागपूरची विदर्भ निसर्ग संरक्षण संस्था त्यांच्या पाठीशी होती. त्याच वर्षी बोलिव्हियानं अशीच एक लढाई जिंकली. आन्देस पर्वतातले लोक भूक आणि थकवा घालवायला कोकाची पानं चघळतात, धरणीमातेलाही वाहतात. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारानं ही प्रथा पंचवीस वर्षांत संपवायला सांगितलं होतं. बोलिव्हिया त्या करारातून बाहेर पडला आणि पानं चघळण्याचा हक्क राखूनच २०१३मध्ये परतला. पानाचं काय करायचं हे त्यावर जगणाऱ्यांनी ठरवावं, हीच दोन्हीकडची मागणी.

पुढची वाट सोपी नव्हती. निविदा काढणं, करारनामा वाचणं, बँकेत खातं उघडणं, वाहतूक परवाने देणं, पुडक्यांची नोंद ठेवणं, हे सगळं गावाला शिकावं लागलं. २०१७मध्ये भाव चढले, पुढच्याच वर्षी कोसळले. एकट्या गावाला ठेकेदारापुढे टिकणं अवघड जातं, हे अनुभवानं पटलं. म्हणून गावांनी एकत्र येऊन विक्री करण्याचा मार्ग धरला.

या वाटचालीची खरी कमाई म्हणजे हिशेब सभेत मोठ्यानं वाचण्याची सवय. किती गोण्या गेल्या, मजुरी किती वाटली, ग्रामसभेच्या खात्यात किती उरले, हे पान तोडणाऱ्या बाईलाही विचारता येतं. ज्या गावांत ही सवय सुटेल, तिथं ठेकेदाराचा शब्द पुन्हा अखेरचा ठरेल. तेव्हा यंदाच्या हंगामाआधीच्या ग्रामसभेला प्रत्येक घरातून एक बाई आणि एक पुरुष हजर राहावा, आणि करारनामा ऐकल्याशिवाय कोणीही अंगठा किंवा सही देऊ नये.