भाणातलं ऊन पाणी

घरात कुणी बाळंत व्हायची वेळ आली की आमच्याकडे पहिली धांदल उडायची ती न्हाणीत. तांब्याचं भाण भरायचं, खाली जाळ घालायचा. मला वाटायचं, हे पाणी बाळाच्या आंघोळीसाठी. आजीला विचारलं तर म्हणाली, "आधी आईच्या कमरेला, मग बाळाला!" वयजीण, म्हणजे आमच्याकडची सुईण, ऊन पाण्यात फडकं पिळून कळा देणाऱ्या बाईची कंबर शेकायची आणि कोमट खोबरेल चोळायची.

ही रीत आजीची नव्हे, फार जुनी. कळा सुरू झाल्यावर कंबर, कुशी, पाठ, मांड्या यांना किंचित ऊन तेल लावून सोसेल तसं चोळावं, असं चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितलं आहे. सुश्रुतसंहितेत तेल लावून गरम पाण्याने न्हाऊ घालायला आणि मग पोटभर यवागू, म्हणजे आपली पेज, पाजायला सांगितलं आहे. कळा देणाऱ्या बाईला मुसळ देऊन कांडायला लावावं, असंही तेव्हा काही जण म्हणत. चरकसंहितेत आत्रेय ते साफ नाकारतात. म्हणजे ही नुसती परंपरा नव्हती, पारख होती.

एकोणिसाव्या शतकात काळ बदलला. 1842 साली पणजीत वैद्यकीय विद्यालय निघालं. 1847 साली एडिंबरोत सिम्पसनने बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला आणि 1853 साली व्हिक्टोरिया राणीने तो घेतला. नव्या डॉक्टरांनी आपल्या बाळंतिणीच्या खोलीवर टीका केली. काळोख, कोंडलेला धूर, न धुतलेले हात. ही टीका खरीच होती, त्यात बाया-बाळं दगावत. पण या घाणीबरोबर शेकही अडाणीपणात जमा झाला, हे वाईट.

कल्याणच्या आनंदीबाई जोशींनी मात्र दोन्हीकडे पाहिलं. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. 1886 साली अमेरिकेत डॉक्टर होताना त्यांनी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर, आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकं दोन्ही समोर ठेवून.

1965 साली मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलं, की स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूतच वेदनेची वाट काही प्रमाणात अडवतात. मालिश आणि शेक यांचा गुण समजायला त्याने मदत झाली. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने कळांसाठी मालिश किंवा गरम शेक यांची शिफारस केली. बाळ बाहेर येताना खाली ऊन ओला कपडा धरला तर मोठी जखम होण्याचा धोका घटतो, हेही अभ्यासांत दिसलं आहे.

माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही दवाखान्यात गरम पाण्याची रबरी पिशवी नेली होती. नर्सबाईंनी हसून ती बाजूला ठेवली. बहीण रात्रभर एकटीच कण्हत राहिली.

म्हणून बाजेखालची धुराची शेगडी परत आणा, असं मी म्हणत नाही. ती गेली ते बरं झालं. शेकही बेताचाच हवा, आधी आपल्या मनगटावर पाहिलेला. आणि कंबर बधिर करणारं औषध दिलं असेल तर चटका कळत नाही, तिथे जपायलाच हवं. पण दवाखान्यातही एक ऊन फडकं आणि ते धरणारा हात मिळायला काय हरकत आहे? आजी म्हणायची, "शेकाने कळ जात नाही गो, पण बाईला वाटतं, आपल्याजवळ कुणीतरी आहे."