मानस

फिजिओथेरपीच्या खोलीत एक गुळगुळीत फळी असते, तिला ‘पावडर बोर्ड’ म्हणतात. कॅरमवर भुरभुरवतो तशी पावडर टाकायची, अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसाचा हात त्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, “सरकवा.” हवेत उचलायला गेलं तर त्या हाताला स्वतःचंच वजन पेलवत नाही. वजन फळीनं घेतलं, घर्षण पावडरीनं कमी केलं, की खांद्यात दडून राहिलेला जोर दिसायला लागतो.

हाताच्या यंत्रांची वंशावळ मात्र कोणी या फळीपासून सांगत नाही. ती सुरू होते स्टॉकहोममध्ये. १८६५ साली डॉ. गुस्ताव झांडर यांनी तिथं २७ यंत्रांची संस्था उघडली. त्याआधी स्वीडनमध्ये व्यायामोपचार माणसांच्या हातांनी दिले जात. पण माणूस दमतो, त्याचा जोर सकाळी एक आणि संध्याकाळी एक. झांडर यांनी तरफेवर सरकणारी वजनं बसवली. आज किती जोर लावला ते खुणेवर वाचता येऊ लागलं. काही यंत्रं रोग्यानं चालवायची, काही वाफेच्या इंजिनावर चालायची. टायटॅनिकच्या व्यायामशाळेतला विजेचा उंट याच घराण्यातला!

इंजिनाच्या यंत्रात हात अडकवला की तो हलणारच. आखडलेल्या सांध्याला हे ठीक. अर्धांगवायूतली खोट निराळी असते: हात शाबूत, पण मेंदूतून निघालेला हुकूम त्याच्यापर्यंत पोचत नाही. तिथं यंत्रानं हात कितीही हलवला, तरी हुकूम सोडण्याचा सराव कोणाला झाला?

ही गाठ अमेरिकेतल्या एमआयटीत सुटायला लागली. १९८९ च्या सुमारास नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी तिथं एक यांत्रिक बाहू बांधायला घेतला. कारखान्यातला यंत्रमानव ताठ असतो, मध्ये आलेल्याला ढकलून जातो. हा मुद्दाम मऊ ठेवलेला. रोगी मेजाशी बसतो, मूठ धरतो. पडद्यावर मधोमध एक ठिपका आणि भोवती घड्याळासारखे आठ. ठिपक्याकडे जायला हात स्वतःहून निघाला, तर यंत्र जवळजवळ जाणवतच नाही. वाट चुकली तर स्प्रिंगसारखं अलगद आत लोटतं. हात निघालाच नाही, तरच हलकेच ओढून नेतं.

याचं नाव एमआयटी-मानस. लॅटिनमध्ये ‘मानस’ म्हणजे हात. त्या संस्थेच्या ब्रीदवाक्यातच ‘मन आणि हात’ ही जोडी आहे. मराठीत लिहिलं की हाताचं मन होतं, आणि ‘जायचा मानस आहे’ असं आपण म्हणतो त्या अर्थानं तर नाव नेमकंच बसतं. यंत्र रोग्याच्या मानसाची वाट बघतं. हा निव्वळ योगायोग, पण मला त्यांच्या अर्थापेक्षा आपला जास्त आवडतो.

एका बैठकीत हजारभर हालचाली करून घेणं या बाहूला सहज जमतं. म्हणून चमत्कार झाला, असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला. त्यात याच यंत्राची बाजारात आलेली आवृत्ती वापरली होती: आठवड्याला तीन दिवस, बारा आठवडे. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांचा हात रोजच्या कामाला जास्त येऊ लागल्याचं काही दिसलं नाही.

तेव्हा फळी अजून आहे. खरं तर हा बाहूही तेच करतो: मेजाच्या पातळीत, वजन काढून घेऊन, घर्षण जवळपास शून्यावर आणून. फळीला फक्त वाट चुकलेली कळत नाही, ते बघायला शेजारी माणूस लागतो. हात दोन बोटं सरकतो, थांबतो. घरचं कुणीतरी न राहवून कोपराला हळूच रेटा द्यायला जातं. “तुम्ही नको, काका,” थेरपिस्ट तो हात बाजूला करते. “त्यांना निघू दे.”